कोरडा राहिलेला पाणबुड्या

सर्जा, तू गेल्यापासून माझ्या मोटार-रिवाइंडिंगच्या दुकानात गर्दी वाढली आहे. तू होतास तेव्हा निम्मी माणसं तुझी बिडी मागायला यायची, आता तुझ्या गोष्टी मागायला येतात. मोटार जळलेली नसली तरी येतात. बाकावर बसतात, घसा खाकरतात आणि म्हणतात, "दाविदराव, ते मगरीचं सांगा की." मग मी सांगतो. तू पळसदेवाला धरणाच्या पाण्यात कोणाच्या तरी मोटारीचा फुटवाल, पाण्यातल्या पाइपाच्या तोंडाची झडप, मोकळा करायला बुडी मारलीस, खाली मगरीनं तुझा पाय धरला, तू तिला म्हणालास, "बाई, काम चालू हाय, मागनं ये," आणि ती मुकाट्यानं निघून गेली. मगर मराठी समजते का, असं अजून एकानंही विचारलेलं नाही. मागच्या आठवड्यात मी त्या मगरीला दोन पिल्लंही जोडून दिली. लोक पोट धरून हसले. एकानं हसता हसता डोळे पुसले, आणि मला आत जाऊन तांब्याच्या तारेच्या रिळांकडं तोंड करून उभं राहावं लागलं.

कारण या सगळ्या गोष्टींना गिऱ्हाईक आहे आणि तू माझ्या गळ्यात टाकून गेलास त्या एका गोष्टीला नाही. "हौसाक्काला सांग," एवढंच म्हणालास. सबंध इंदापूर तालुक्यात खरं सांगायला सगळ्यात नालायक माणूस कोण, असा लिलाव लावला असता तर बोली माझ्यावरच थांबली असती. तरी तू मलाच धरलंस. यात तुझा विश्वास किती आणि नाइलाज किती, ते मला अजून उमगलेलं नाही.

तुझ्या छातीत किती हवा मावायची यावर मी फार बोललोय. तू खाली गेलास की आम्ही वर चहा मागवायचो, चहा पिऊन भांडायचो, भांडण मिटवायचो, आणि मग कोणाला तरी आठवायचं की अरे, सर्जा अजून खालीच आहे. हे थोडं वाढवून आहे, मान्य. पण तू वर यायचास तेव्हा हातात शेवाळाचा गोळा असायचा, कधी फुटवालमध्ये अडकून मेलेली चिलापी मासळी असायची, आणि तू म्हणायचास, "घ्या, सुरू करा." वर मोटार घुर्र करायची, पाइपातनं पाणी उसाकडं धावायचं, आणि शेतकरी तुझ्याकडं देवाकडं बघावं तसं बघायचा. कधी कधी मोटारीसाठी नाही, बुडालेल्या माणसासाठी बोलवायचे. त्या दिवशी कोणी चहा मागवायचं नाही. तुमच्या पाणबुड्यांचा एक रिवाज तू मला सांगितला होतास: माणूस हाताला लागला की त्याच दमात वर आणायचा, सोडायचा नाही. एकदा सोडला की गाळ त्याला घेतो. तू कितीतरी घरांना त्यांची माणसं परत आणून दिलीस. त्या घरांतनं तू कधी पाणीसुद्धा प्यायला नाहीस.

आणि असा हा माणूस एका नाताळाला माझ्या घरी बिर्याणी खायला आला.

मला अजून वाटतं, बिर्याणी जरा बिघडली असती तर बरं झालं असतं. पण सुनंदाच्या हातची बिर्याणी, तिचा वास भिगवणपर्यंत जातो आणि तिथले मासेविके धंदा सोडून रडतात. जेवायच्या आधी आम्ही प्रार्थनेला उभे राहिलो. माझा आजा नगरकडनं मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून आला, तेव्हापासून आमच्या घरात ही पद्धत: सगळ्यांनी एका सुरात पापांची कबुली म्हणायची आणि मग ताटाला हात लावायचा. आम्ही म्हणालो, बसलो, लेगपीस कोणाला यावर भाऊबंदकी सुरू झाली. तू तसाच उभा.

"दाव्या, समदी एकदम बोलली. कुणी काय केलं ते कळलंच न्हाय."

"कळू नयेच. म्हणून तर एकदम बोलायचं."

"मंग देवाला तरी कसं कळायचं?"

"त्याला आधीच माहीत असतं रे."

"आधीच ठावं हाय, तर बोलायचं कशापायी?"

मी तुझ्या ताटात रस्सा वाढला. माझ्या आजापासून आजपर्यंत आमच्या घरात हा प्रश्न कोणाला पडला नव्हता, आणि तो पडला कोणाला, तर बिर्याणीला आलेल्या पाहुण्याला. तू त्या दिवशी कमी जेवलास. मी गावभर सांगितलं की तू पातेलं चाटून पुसून ठेवलंस.

पुढं तू इंदापुरातल्या पत्र्याच्या शेडमध्ये भरणाऱ्या ख्रिस्ती मंडळीत जायला लागलास. आमच्या बारामतीच्या चर्चमध्ये का येत नाहीस, असं विचारलं तर म्हणालास, "तुमच्यात पाणी लई जपून वापरत्यात." आमच्यात तान्ह्या पोराच्या कपाळावर पाणी लावतात, तुमच्या शेडवाल्यांत मोठ्या माणसाला अख्खा बुडवतात. यावरनं आपण जे भांडलो, त्याला तोड नाही. तुझ्या हातात पाना, माझ्या हातात जळकी तार, आणि दोघांच्या मध्ये ख्रिस्ती धर्माची सगळी परंपरा.

"तुझ्यावर पाणी पडलं तवा तू काय पश्चात्ताप केला व्हतास? दूध जास्त प्यालास म्हणून?"

"तो आईबापांच्या विश्वासावर असतो, सर्जा."

"म्हंजी जामिनावर सुटलाईस व्हय!"

बाकावरची माणसं हसली. मी म्हणालो, "आणि तू रोज पाण्यात जातोस, तुझे तर आतापर्यंत हजार बाप्तिस्मे झाले. पोपसुद्धा तुझ्या पाया पडेल." तू हसला नाहीस. "ते पोटासाठी," म्हणालास. "तितं मी एकटाच खाली जातो अन् एकटाच वर येतो." तेव्हा ते वाक्य माझ्या डोक्यावरनं गेलं. आता रोज येऊन बसतं.

तुमचे पाळकसाहेब वयानं लहान, श्रीरामपूरकडचे, आवाज मऊ. ते तुला शिकवत होते तेव्हा मी एकदोनदा मागच्या खुर्चीवर बसलो होतो, चेष्टेला काही सापडतं का बघायला. ते म्हणाले, वाईट वाटणं म्हणजे पश्चात्ताप नव्हे, वाईट तर सगळ्यांनाच वाटतं. माणूस रडतो, डोळे पुसतो आणि त्याच वाटेनं पुढं जातो. पश्चात्ताप म्हणजे थांबून मागं वळायचं आणि जिथं चुकलं तिथवर चालत जायचं. आणि कबुली देवाला कळावी म्हणून नसते, ती आपल्या कानांनी ऐकावी लागते, आणि ज्याचं वाईट केलं त्याच्या कानांनी. मग पाणी. पाण्याखाली जाणं म्हणजे ख्रिस्ताबरोबर पुरलं जाणं, वर येणं म्हणजे त्याच्याबरोबर उठणं.

तू हात वर केलास, शाळेत करतात तसा. "सायेब, वर येताना हात रिकामं असलं तर?"

पाळकसाहेबांना वाटलं तू नम्रपणे बोलतोयस. म्हणाले, "सर्जेराव, सगळे रिकाम्या हातांनीच येतात." तू मान हलवलीस. मीही मागच्या खुर्चीवर मान हलवली. आपण दोघांनी वेगवेगळ्या गोष्टींना मान हलवली होती.

तुझ्या बाप्तिस्म्याच्या सकाळी पळसदेवाच्या काठावर जत्रा भरली होती. बायका ढोलकी घेऊन गात होत्या. तू पांढरा सदरा, पांढरा पायजमा घालून असा आलास की मला वाटलं आता याला उभं करतात का काय निवडणुकीला. पाळकसाहेबांना पोहता येत नाही हे कोणाला माहीत नव्हतं. ते पाण्यात शिरताना तुझ्या कानात म्हणाले, "सर्जेराव, मला जरा धरा हं." कोण कोणाला बुडवणार, यावर मी मागं पैजा लावत होतो. कमरेएवढ्या पाण्यात तुम्ही दोघं थांबलात. त्यांनी विचारलं, "आपल्या पापांचा पश्चात्ताप करता का?"

ढोलकी थांबली होती. तू पाण्याकडं बघत होतास. पाळकसाहेबांनी परत विचारलं. तू म्हणालास, "हितं न्हाय, सायेब. कॅनॉलवर द्या. हिरीत द्या. हितं न्हाय." आणि त्यांचा हात धरून त्यांना काठावर आणून सोडलंस आणि ओल्या पायजम्यानं चालत निघून गेलास. एवढा मोठा पाणबुड्या आणि पाण्याला भ्याला! मी बाजारात सांगितलं की ती मगर होती ना, ती रुसून बसली होती, म्हणाली माझ्यादेखत दुसऱ्याच्या हातनं बुडतोस. लोक फार हसले. तुझ्या कानावर आलं असणार.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तू दुकानात आलास. लाइट गेली होती, बाकावर कोणी नव्हतं, बाहेर उसाच्या ट्रॉल्या उभ्या होत्या. तू मोटारीची पेटी उलटी करून तिच्यावर बसलास आणि माझ्याकडं न बघता बोललास. मध्ये मी एक विनोद केला, तू थांबलास, आणि मग मी परत केला नाही.

पळसदेवाच्या हौसाक्काच्या पोराचं, संत्याचं, गावाला माहीत होतं ते एवढं: बापाशी भांडून, सुरतेला जातो म्हणून तो होडी घेऊन निघाला. वारा सुटला. थोड्या वेळानं होडी पाण्यावर उलटी दिसली. केव्हा उलटली, कोणी पाहिलं नव्हतं. कोणी म्हणालं बुडाला, कोणी म्हणालं करमाळ्याच्या बाजूला उतरून होडी सोडून दिली असेल. तू शेजारीच फुटवाल काढत होतास. हाक ऐकली आणि बुडी मारलीस. गाव काठावर गोळा झालं. तू वर आलास आणि म्हणालास, "खाली कोण न्हाय." त्या शब्दावर गावाच्या लेखी संत्या सुरतेला गेला. इतकी वर्षं तो सुरतेलाच आहे. हौसाक्का सुरतेच्या बाजूला जाणाऱ्या प्रत्येक ट्रकवाल्याला त्याची खूण सांगते, कपाळावर खोक हाय म्हणून. तिच्या रेशनकार्डावर त्याचं नाव आहे. तिनं त्याचं दहावं घातलं नाही, कोणाला घालू दिलं नाही.

"खाली व्हता, दाव्या," तू म्हणालास. "धरणात बुडालेल्या जुन्या गावाच्या भिंतीत. माझ्या हाताला त्याचा हात लागला. मी भ्यालो अन् सोडला."

मी हातातली तार खाली ठेवली.

"दम घ्यायला वर आलो. परत जाणार व्हतो, आईशप्पत जाणार व्हतो. तर हौसाक्का कमरंइतक्या पाण्यात उभी. तिनं माझं मनगट धरलं. 'न्हाय ना रं? खाली न्हाय ना माझा संत्या?' तिचं त्वांड बघितलं अन् माझ्या तोंडातनं आलं, न्हाय. तिनं पदरानं माझं डोकं पुसलं, दाव्या. माझं डोकं. मंग कसा जाऊ परत? अन् दुसऱ्या दिवसापासनं गेलो, एकटा गेलो, लई वेळा गेलो. गाळानं घेतला त्याला."

त्यानंतरचे महिने मला आठवतात ते तुझ्या चहांमुळं. पाळकसाहेबांनी ऐकून घेतलं, तुझ्याबरोबर रडले, आणि म्हणाले, देवाकडं क्षमा आहे, पण त्या माउलीकडंही जावं लागेल. तू लगेच निघालास. पळसदेवाला गेलास, आणि चहा पिऊन आलास. परत गेलास, परत चहा. ज्या माणसानं शोकाच्या घरात कधी पाणी घेतलं नाही, त्यानं हौसाक्काच्या घरी चहाची टाकी रिकामी केली असेल. "ती चहात साखर जास्त घालती," तू म्हणायचास. "म्हणती, तू माझ्या घरचा हाईस. मंग जीभ उचलत न्हाय." मी चिडायचो. म्हणायचो, सांगून मोकळा हो, नाहीतर गप्प बसून मोकळा हो. तू म्हणायचास, सांगितलं तर तिचा संत्या मरतो, न्हाय सांगितलं तर मी. मला वाटायचं तू वाढवून बोलतोयस. वाढवून बोलणं हा माझा प्रांत होता.

मग तुझं दुखणं आणि बारामतीचा तो दवाखाना. तुझी बायको मंगल बाहेर बाकावर, तिच्या हातात तुझ्या चपला. आत तू, आणि ती छाती, जिच्यावर मी एवढं साम्राज्य उभं केलं, ती दोन जिने चढलेल्या म्हाताऱ्यासारखी वरखाली होत होती. पाळकसाहेब रस्त्यात, फोनवर येतोय येतोय म्हणत होते. मी पाण्याची बाटली उघडली. आमच्यात अशा वेळी कोणीही बाप्तिस्मा झालेला माणूस पाणी लावू शकतो, मी तुला सांगितलं. म्हणालो, "सर्जा, माझा जामिनावरचा असेल, पण चालतो. कपाळावर लावतो. देव बघतोय, तो मापात पाणी मोजत नाही."

तू माझा हात बाजूला केलास. त्या हातात ताकद नव्हती, तरी केलास. "आधी हौसाक्का. तिला सांगितल्याबिगर मला पाणी लावू नगं."

"अरे, नंतर सांगू!"

"तिला आण. मी न्हाय पुरलो तर तू हौसाक्काला सांग."

मी ओम्नी काढली. बारामतीपासून पळसदेवापर्यंत ती गाडी मी जमिनीला लागू दिली नाही. हौसाक्का म्हैस सोडून तशीच गाडीत बसली. वाटेत ती तुझ्याबद्दलच बोलत होती, सर्जाला लहानपणी गोवर झाला होता, सर्जाला कोंबडीचं काळीज आवडतं, आणि माझ्या तोंडात ती गोष्ट दाताखाली खडा यावा तशी फिरत होती. मला वाटलं सांगू नये, तो स्वतः सांगेल. तुझा मान राखला मी. जन्मात एकदा गप्प बसलो, तेही चुकीच्या ठिकाणी.

आम्ही पोचलो तेव्हा नर्स नळ्या काढत होती.

हौसाक्का तुझ्याजवळ गेली. तिनं तुझा हात हातात घेतला, तोच, उजवा. आणि मंगलला म्हणाली, "ह्या हातानं माझा संत्या जित्ता ठिवला गं. ह्यो माणूस खाली जाऊन आला अन् मला म्हणला, न्हाय. त्यावर मी जगले." मग तुझ्या कपाळावरनं हात फिरवून तिनं दृष्ट काढावी तशी बोटं मोडली. मी उघडलेली ती पाण्याची बाटली तुझ्या उशाशी अजून उघडीच होती. पाळकसाहेब दारात येऊन उभे राहिले आणि मी त्यांना खुणेनं काही सांगू शकलो नाही.

तुझ्या भावांनी तुला त्यांच्या रीतीनं नेलं. पाळकसाहेब मागं, लांब उभे राहून ओठांतल्या ओठांत प्रार्थना करत होते. राख धरणाच्या पाण्यात सोडली. मला एकानं, भल्या मनानं, म्हटलं की बघा, शेवटी पाण्यात गेलाच, झाला की बाप्तिस्मा. मला ते आवडलं होतं, सर्जा. मी ते दुकानात रंगवून सांगणार होतो. पण पाळकसाहेबांना विचारलं तर ते म्हणाले, "नाही दाविदकाका. बाप्तिस्मा जिवंत माणसाचा असतो."

"मग तो वाचला का नाही?"

"तो मागं वळला होता. वाटेत होता."

"वाटेत मेलेल्या माणसाचं काय?"

"मला एवढं मोठं उत्तर देता येत नाही, काका. मी त्याला देवाच्या हाती सोडलंय." आणि मग: "पण त्याची कबुली तुमच्याकडं आहे."

म्हणजे तूही माझ्यावर, आणि तेही माझ्यावर. मी म्हणालो, मी सांगून कोण विश्वास ठेवणार? ते म्हणाले, विश्वास ठेवायचा का नाही ते ऐकणाऱ्याचं. तुम्ही सांगायचं. हे वय लहान असलं की बोलायला सोपं जातं.

परवा सकाळी गेलो मी पळसदेवाला. हौसाक्का अंगणात सुपात तूर पाखडत होती. तिनं बाज पुढं सरकवली.

"आक्का, सर्जानं तुला एक सांगायला सांगितलंय."

"सांग की. पर मगर घालू नगंस बाबा त्यात."

मी सांगितलं. मगर घातली नाही, एक शब्द वाढवला नाही. पण सर्जा, इतकी वर्षं थापा मारून माझ्या जिभेला जी चाल पडली आहे ती खरं बोलतानाही सुटेना. बरोबर जागी माझा आवाज खाली जात होता, बरोबर जागी मी थांबत होतो, लोकांनी श्वास रोखावा म्हणून थांबतो तसा. मला माझंच ऐकून किळस आली. हौसाक्का सूप हलवत "हां, मंग?" म्हणत होती. तू मनगट सोडवून घेतलं नाहीस, न्हाय म्हणालास, इथवर आलो आणि संपलो.

"गोष्ट बरी हाय," ती म्हणाली. "पर रडायची हाय. तू आपला हसायच्या सांगत जा, दाविद."

"आक्का, खरं आहे हे."

"तुझं समदंच खरं असतंय."

शपथ घ्यावी म्हटलं, तर आमच्यात शपथ घेत नाहीत. तिचा उपयोग होईल अशी वेळ माझ्यावर आजवर आलीच नव्हती. मी परत सांगायला लागलो, मधनंच, उलटंपालटं. त्याचा हात तुझ्या हाताला लागला, तू भ्यालास. तिचं सूप थांबलं.

"सर्जा भ्याला?"

"हो."

"कशाला भ्याला?"

"हात लागला म्हणून."

"त्याला काय नवं व्हतं व्हय? कितीजणांना वर काढलं त्यानं. मढ्याला हात लावून कधी भ्याला न्हाय. मंग माझ्याच पोराला कशापायी भ्याला?"

आणि मग तिनं ते विचारलं, अगदी हळू, सुपातल्या तुरीला विचारावं तसं.

"संत्यानं त्याचा हात धरला व्हता का?"

सर्जा, तो तेव्हा जिवंत असेल हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. तू म्हणालास भ्यालो, आणि मी म्हटलं, भ्याला असेल. मी मोटारींची गुंडाळी उलगडून कुठं जळलंय ते सांगणारा माणूस, आणि तुझ्या त्या वाक्यात कुठं जळलंय ते मला दिसलं नाही. हौसाक्काला एका ऐकण्यात दिसलं. तू मला सगळं सांगितलंस, का निम्मं सांगून पेटीवरनं उठलास? ते पाणी तू कपाळावरसुद्धा लावू दिलं नाहीस, ते तिला न सांगितल्यामुळं, का मलाही न सांगितलेल्या एखाद्या गोष्टीमुळं?

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. ते मला शोधावं लागत नाही, तुला ठाऊक आहे. गार होता आक्का, लाकडासारखा, केव्हाच गेला होता. एवढं म्हणालो असतो तर तिला झोप लागली असती, तुलाही लागली असती. मी तोंड उघडलं. आणि मला कळलं की तू त्या दिवशी पाण्यात कमरेएवढ्या खोलीवर जिथं उभा होतास, तिथंच मी आता या अंगणात उभा आहे, आणि ती माझ्याकडं तसंच बघते आहे. तुला त्या एका शब्दाबद्दल मी किती वेळा रागावलो होतो, सर्जा. आता रागावता येत नाही. इतका सोपा शब्द आहे तो.

"मला माहीत नाही, आक्का," मी म्हणालो. "त्यानं सांगितलं नाही मला."

तिनं सूप खाली ठेवलं.

"मंग खरं हाय," ती म्हणाली. "थाप असती तर तुला म्हाईत असतं."

ती रडली नाही. मला वाटलं होतं ती रडेल, छाती पिटेल, तुला शिव्या देईल, आणि मी तुझ्या वतीनं डोकं खाली घालून उभा राहीन, क्षमा मागीन. मी ते वाक्यसुद्धा पाळकसाहेबांकडनं घोकून आणलं होतं. तिनं ते मागितलंच नाही. तिनं पदर खोचला, चपला घातल्या आणि म्हणाली, "चल. कुठं ते दाखव."

आम्ही काठावर गेलो. धरण भरलेलं आहे सध्या. जुन्या गावाच्या भिंती, देवळाचा कळस, सगळं खाली. पाणी पार पलीकडच्या तालुक्याला जाऊन टेकलेलं, सगळीकडं एकसारखं, एकाही ठिकाणी दुसऱ्यापेक्षा वेगळं नाही. तुला ते आतनं पाठ होतं, डोळे मिटून तू कोणाच्या घराचा उंबरा कुठं आहे ते सांगायचास. माझ्याकडं तू पाप देऊन गेलास, जागा दिली नाहीस. मीही कधी विचारली नाही. तुझं ओझं ऐकून घेतलं यातच मी मोठा झालो होतो. आणि तरी तुझे उपकार आहेत, सर्जा, की एका दुपारी कोणी तरी मला खरं सांगण्याच्या लायकीचा समजलं.

"कुठं रं?" हौसाक्कानं परत विचारलं. "सांग की. मला दहावं घालायचं हाय त्याचं."

मी हात उचलला, आणि तो कुठल्या अंगाला करायचा ते मला कळेना. ती माझ्या हाताकडं बघत उभी होती.